जुनी गाडी घेतलीत? आधी टायमिंग बेल्ट बघून घ्या

जुनी गाडी दारात आली की आपण नारळ फोडतो, सीट कव्हर बदलतो, टायर बघतो. ते सगळं करा. पण कुटुंबाला घेऊन गावाला निघण्याआधी एक चौकशी नक्की करा : या इंजिनाचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय?

हा दातेरी रबरी पट्टा इंजिनाच्या बाजूला झाकणाखाली असतो, म्हणून वरून दिसत नाही. खाली क्रँक पिस्टन वरखाली करतो, वर कॅम व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा व्हायला हवा. तो मेळ हा पट्टा सांभाळतो.

धावत्या गाडीत पट्टा तुटला तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. स्टिअरिंग जड होतं, ब्रेक कडक होतो. घाटात हे झालं तर काय, याचा विचार करा. शिवाय बऱ्याच इंजिनांत उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. मग हेड उतरवावं लागतं, आणि तो खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट असतो.

सगळ्याच गाड्यांत पट्टा नसतो. जुनी सँट्रो, अल्टो 800, डिझेल इंडिका, डिझेल डस्टर यांत आहे. स्विफ्टच्या 1.3 डिझेल इंजिनात साखळी आहे. तुमच्या गाडीत काय आहे ते गाडीच्या पुस्तकात बघा किंवा विचारून घ्या.

पट्टा कधी बदलायचा, तेही पुस्तकात असतं. साधारण 60 हजार ते 1 लाख किलोमीटर, किंवा ठरावीक वर्षं, जे आधी होईल ते. जुन्या गाडीच्या मीटरवर फार विसंबू नका, तो मागे फिरवलेला असू शकतो. उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतंच. आधीच्या मालकाकडे बिल नसेल, तर पट्टा जुना आहे असंच धरून चाला आणि बदलून टाका.

नुसता पट्टा बदलू नका. त्याला ताण देणारा टेन्शनर आणि सोबतचे बेअरिंगही नवे घाला. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही आत्ताच बदललेला बरा. क्रँक किंवा कॅमचं ऑइल सील गळत असेल तर आधी ते बदला, कारण तेल लागलं की नवा पट्टाही लवकर खराब होतो. पट्टा कुणाला दुमडू देऊ नका, पिळू देऊ नका.

आता खरं महत्त्वाचं काम. इंजिन थंड हवं, बॅटरीची वायर काढलेली हवी. जुना पट्टा काढण्याआधीच खुणा जुळवायच्या. क्रँकच्या दातेरी चाकावर एक खूण असते, तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर दुसरी. कॅमच्या चाकालाही तशीच जोडी असते. काही गाड्यांत बाहेरच्या पुलीवर आणखी एक खूण असते. ती बहुधा दुसऱ्या कामाची असते, आणि तिच्यामुळे अनेकांची फसगत होते. कोणती खूण कोणासमोर, हे त्याच इंजिनाच्या चित्रावरून ठरवायला सांगा.

खुणा जुळल्या, पट्टा चढला, टेन्शनर बसला. इथे घाई होते आणि कुणीतरी लगेच सेल्फ मारायला जातं. थांबवा त्यांना.

आधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं. ज्या दिशेला ते एरवी फिरतं त्याच दिशेला, हळूहळू, पूर्ण दोन फेरे. कॅमच्या बोल्टवर जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनी दोन्ही जागच्या खुणा पुन्हा समोरासमोर आल्या पाहिजेत. नव्या पट्ट्यावर रंगाच्या रेघा असतील तर त्या जुळल्या नाहीत तरी घाबरू नका. चाकावरच्या खुणा बघा. मग पट्ट्याचा ताण पुन्हा तपासा.

फिरवताना मध्येच काही कडक लागलं, तर तिथेच थांबा. नेटाने पुढे ढकलू नका. आत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. हातातला पाना अडला तर नुकसान टळतं. तोच अडथळा सेल्फच्या जोरावर पार केला तर व्हॉल्व्ह वाकतो.

हे काम चालू असताना जमलं तर जवळ उभे राहा. मेकॅनिकदादांना सांगा, ‘दोन फेरे फिरवून मला खुणा दाखवा, मग झाकण लावा.’ चांगला कारागीर आनंदाने दाखवतो. खुणांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा झाकणाजवळ चिकटवा. पुढे गाडी विकलीत तर घेणाऱ्यालाही उपयोग होईल.

पट्टा एका दात्याने चुकला तरी गाडी कधी कधी सुरू होते. पण ती ओढत नाही, उभी असताना थरथरते, पेट्रोल जास्त खाते, चेक इंजिनचा दिवा लागतो. ‘चालवा, होईल ठीक’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सुरूच होत नसेल तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका, गिअर टाकून ढकलायलाही लावू नका. तिथेच झाकण उघडायला सांगा आणि खुणा परत बघायला लावा.