तोटी मोठी करून पाणी वाढत नसतंय, साहेब!

संध्याकाळचे सात. चिंचोळी एमआयडीसी. माल भरून गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर दोन चहा पिऊन आला, आणि ऑफिसात ई-वे बिलाच्या पानावर चक्र गरागरा फिरतंय. परराज्यात जाणारा ५० हजारांच्या वरचा माल त्या बिलाशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. शेवटी अकाउंटंट स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावतो, तेव्हा कुठं गाडी पुणे रोडला लागते.

कारखान्याने पैसे मोजलेत १०० एमबीपीएसचे. केबलवाल्याला फोन केला की ठरलेलं उत्तर: "वरूनच प्रॉब्लेम आहे. नाहीतर २०० चा प्लॅन घ्या की ओ."

माझा राग या उत्तरावर आहे. सोलापूरकराला तोटी आणि टाकीतला फरक शिकवायला नको. टाकीतच पाणी नसेल तर दोन इंची तोटी बसवून काय होणार? प्लॅन म्हणजे तोटी. टाकी म्हणजे नोडपासून वर गेटवेकडे जाणारी लाइन, आणि ती सगळ्यांची सामाईक. संध्याकाळी त्याच लाइनीवर घराघरातल्या मॅच, सिरियल, रील्स सगळं चालू होतं.

सामाईक असण्यात लबाडी नाही. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत म्हणून तर नेट स्वस्त मिळतं. प्रश्न एवढाच, की एका लाइनीवर किती जण बसवायचे? ट्रायने २००९ सालीच सांगितलंय: घरगुती असेल तर एकास ५०, व्यावसायिक असेल तर एकास ३०. हिशेब करा. ५० जण खरंच एकदम बसले तर १०० चे प्रत्येकी २ उरतात. आणि २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस! म्हणजे ५० च्या जागी ८० जण कोंबले, तर ऐन गर्दीत विकलं जातंय त्याला ब्रॉडबँड म्हणायचं कसं?

ट्रायच्या २००६ च्या नियमात असंही होतं, की गर्दीच्या तासालाही ही लाइन ८० टक्क्यांच्या आत भरलेली पाहिजे. कारण त्यापुढे डेटा रांगेत अडकतो, गळतो. ई-वे बिल व्हॉट्सॲपच्या फोटोएवढंही मोठं नसतं. त्याला वेग नकोय, रांगेतून सुटका हवीय. ऑक्टोबर २०२४ पासून सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झाले. कागद भरपूर आहेत हो, गेटवरची गाडी हलत नाही.

आता आपलंही थोडं. कारखान्यात घरगुती प्लॅन घ्यायचा आणि व्यावसायिक दर्जा मागायचा, हे चालणार नाही. केबलच्या तारेवर अपलोडचा रस्ता आधीच अरुंद असतो, त्यात दहा सीसीटीव्ही दिवसभर क्लाउडवर चित्रं पाठवत बसलेत. राउटरच्या सेटिंगमध्ये बिलिंगच्या कॉम्प्युटरला आधी वाट द्या, कॅमेऱ्यांना मर्यादा घाला. निम्मी बोंब तिथंच थांबेल.

उरलेल्या निम्म्यासाठी बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिला लेखी विचारा, केबलच्या पोराला शिव्या देऊन उपयोग नाही.

१. संध्याकाळी ७ ते ११ आमची लाइन किती टक्के भरते?
२. एका लाइनीवर किती गिऱ्हाइकं आहेत?
३. तक्रारीचा डॉकेट नंबर द्या. निकाल नाही लागला तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ही सोय २०१२ च्या नियमांनी दिलेली आहे.

"एवढ्या स्वस्तात एवढंच मिळणार," असं कुणी म्हणेल. म्हणू दे. महाग विका, पण सांगून विका. एकट्याने विचारलं तर फोन कट होतो, पन्नास कारखान्यांनी एकाच कागदावर सह्या करून विचारलं तर उत्तर द्यावंच लागेल.

तुमच्याकडे संध्याकाळी सात वाजता काय स्पीड येतो? स्क्रीनशॉट कमेंटमध्ये टाका. वेळ दिसू द्या.