‘हॅव’ आणि ‘हॅड’ : पत्रव्यवहारातील पूर्ण काळ

‘पाच तारखेला माल पाठवला आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष ठरते. त्याचेच ‘वुई हॅव सेंट द गुड्स ऑन फिफ्थ एप्रिल’ असे शब्दशः रूपांतर मात्र इंग्रजीत चुकते. इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ पुढे ओढलेल्या शिलकेसारखा असतो. व्यवहार कधी झाला हे तो सांगत नाही. त्याची आजची स्थिती सांगतो. म्हणून तारखेविना ‘वुई हॅव सेंट’ आणि तारीख दिल्यास साधा भूतकाळ, ‘वुई सेंट’.

‘हॅड’ अधिक जपून वापरावा. ‘काल पैसे भरले होते’ याला इंग्रजीत ‘वुई पेड यस्टर्डे’ पुरते. भूतकाळातील दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे दाखवणे हे ‘हॅड’चे काम. ‘व्हेन द नोटिस केम, वुई पेड’ म्हणजे नोटीस आल्यावर पैसे भरले. ‘व्हेन द नोटिस केम, वुई हॅड पेड’ म्हणजे नोटीस येण्यापूर्वीच भरले होते. थकबाकीदार कोण आणि वेळेचा पक्का कोण, हे येथे एका शब्दावर ठरते.

पत्र धाडण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : वाक्यात तारीख आहे काय? आणि आधी काय घडले?