न्यायासन आणि मतपेटी

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलेंबाळें आज अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. त्यांतील जीं तेथील नागरिक झालीं, त्यांच्या हातीं पडणाऱ्या मतपत्रिकेवर राज्यपाल व आमदार यांच्या नांवांबरोबर कित्येक राज्यांत न्यायाधीशांचींहि नांवें असतात. न्यायाधीशानें मतें मागावीं ही कल्पना आपल्या मनास प्रथम चमत्कारिक वाटते. न्यायसभेंतील सभासद शत्रु व मित्र यांच्या ठायीं सारखाच असावा, अशी याज्ञवल्क्यस्मृतीची अपेक्षा. उमेदवाराला तर मित्र जोडल्यावांचून गत्यंतर नाहीं! पण हसून सोडून द्यावा असा हा विषय नव्हे.

तेथील संघराज्याचे न्यायाधीश अध्यक्ष नेमतो व सिनेट त्यास संमति देतें. पुढें त्यांना कोणाकडे कांहीं मागावें लागत नाहीं. पन्नास राज्यांचीं न्यायालयें मात्र निराळीं, आणि देशांतील बहुतेक सारे खटले चालतात ते याच न्यायालयांत. पूर्वीं तेथें राज्यपाल किंवा विधिमंडळ नेमणुका करी, व पदें पक्षाच्या माणसांना वाटलीं जात. असा न्यायाधीश सरकारला आवर कसा घालणार? म्हणून मिसिसिपीनें १८३२ सालीं सर्व न्यायाधीश निवडणुकीनें घेण्याचें ठरविलें; न्यूयॉर्कनें १८४६ सालीं तोच मार्ग धरिला आणि मग अनेक राज्यें त्याच वाटेनें गेलीं. निवडणूक आली ती न्यायाधीशास स्वतंत्र करण्यासाठीं, हें विसरतां कामा नये.

त्या स्वातंत्र्याची पुढें काय दशा झाली, तें वेस्ट व्हर्जिनियांत दिसलें. तेथें २००२ सालीं एका कोळसा कंपनीविरुद्ध पांच कोटी डॉलर नुकसानभरपाईचा निकाल झाला. अपील वर जाण्यापूर्वीं, २००४ च्या निवडणुकींत, कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनीं ब्रेंट बेंजामिन यांच्या बाजूनें सुमारें तीस लक्ष डॉलर खर्च केले. बेंजामिन निवडून आले. आपण या अपिलांतून दूर व्हावें कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच सोडविला. ते दूर झाले नाहींत, आणि २००७ सालीं तिघांविरुद्ध दोघे अशा मतांनीं तो निकाल फिरला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं, पांचांविरुद्ध चार अशा मतांनीं, बेंजामिन यांनीं दूर व्हावयास हवें होतें असें सांगितलें. चौघांना तसें वाटलें नाहीं, याचें आम्हांस अद्याप आश्चर्य वाटतें. खर्चाचा ओघ तर वाढतच आहे: विस्कॉन्सिनमधील एका जागेसाठीं २०२५ च्या एप्रिलमध्यें दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला.

मिसूरीनें १९४० सालीं निराळा उपाय काढिला. एक न्यायाधीश, वकिलांनीं निवडलेले तीन वकील व राज्यपालानें नेमलेले तीन सामान्य नागरिक, अशी समिति तीन नांवें सुचविते. राज्यपाल त्यांतील एक घेतो. पुढें ठराविक काळानें मतदारांस एवढेंच विचारतात कीं, यांना ठेवावें काय? प्रतिस्पर्धी नसतो. योजना सुबक आहे, आणि अनेक राज्यांनीं ती उचललीहि. तथापि आयोवांत २००९ सालीं समलिंगी जोडप्यांस विवाहाचा हक्क देणारा एकमतानें निकाल झाला आणि पुढच्याच वर्षीं मतदारांनीं त्या न्यायालयांतील तिघांना घरीं पाठविलें. तो निकाल कोणास रुचो वा न रुचो. उरलेल्या न्यायाधीशांनीं त्यावरून काय बोध घेतला असेल?

कोणी म्हणेल, मग नेमणूकच बरी. न्यू जर्सींत राज्यपाल प्रथम सात वर्षांसाठीं नेमितो; पुनर्नेमणूक झाली कीं सत्तरीपर्यंत चिंता नाहीं. तेथें २०१० सालीं राज्यपाल ख्रिस्टी यांनीं न्यायमूर्ति वॉलेस यांची पुनर्नेमणूक नाकारली, जेमतेम दोन वर्षें उरलीं असतां! १९४७ च्या राज्यघटनेपासून असें कधीं घडलें नव्हतें.

म्हणून आमचें मत असें कीं, पहिल्या निवडीपेक्षां दुसऱ्यांदा हात पसरण्याची वेळ अधिक घातक. पहिल्या वेळीं ऋण होतें, दुसऱ्या वेळीं भय. ऋणाला उपाय आहे: न्यायाधीशानें दूर व्हावें कीं नाहीं तें त्यानें स्वतः न ठरवितां इतर न्यायाधीशांनीं ठरवावें. भयाला उपाय एकच, दीर्घ मुदत एकदांच द्यावी, आणि पुढें ना निवडणूक ना पुनर्नेमणूक. अशी सूचना तेथील कांहीं जाणते लोक करीत आहेत. वाईट माणूस दीर्घकाळ बसून राहील, हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु गैरवर्तनाची चौकशी करणारीं मंडळें प्रत्येक राज्यांत आहेत, त्यांना बळ द्यावें.

नेव्हाडांतील मतदारांनीं २०१० सालीं मिसूरीसारखी योजना फेटाळली, कारण हातचें मत सोडणें कोणास आवडतें? एकाच मुदतीची सूचना पहिलें मत काढून घेत नाहीं. तिकडील मुलांशीं बोलतांना वाचकांनीं एवढें तरी त्यांच्या कानीं घालावें.