गिटारवर नाव कुणाचं?

स्त्री-चळवळीच्या अंकात गिटारच्या कंपन्यांवर लेख कशाला, असं काही जणी विचारतील. आपल्या मोर्चात डफ वाजतो, हलगी वाजते, फार तर ढोलकी. गिटार म्हणजे शहरातलं, कॉलेजातल्या पोरांचं वाद्य. पण वस्तू कोण घडवतं, तिच्यावर नाव कुणाचं लागतं आणि त्या नावाचे पैसे कुणाच्या खिशात जातात, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विडीच्या कितीतरी बंडलांवर मालकाचा फोटो असतो आणि त्यातल्या विड्या सोलापूरच्या बायकांनी वळलेल्या असतात. गिटारच्या धंद्यात हीच गोष्ट जास्त चकचकीत कागदात गुंडाळलेली आहे, एवढंच. आणि आता त्या कागदावर बायकांचे फोटो यायला लागले आहेत, म्हणून हा लेख.

आधी धंदा समजून घेऊ. फेंडर आणि गिब्सन या अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या. त्यांची स्पर्धा सत्तर वर्षांहून जुनी आहे. गाण्यात जसा घराण्याचा अभिमान असतो, तसा तिकडे वाजवणाऱ्यांना आपापल्या कंपनीचा अभिमान असतो. हा अभिमान आपोआप उगवत नाही, तो पेरावा लागतो. फेंडरच्या प्रमुखांनी काही वर्षांपूर्वी उघडपणे सांगितलं होतं की, पहिली गिटार घेणाऱ्यांपैकी नव्वद टक्के माणसं वर्षभरात ती सोडून देतात. उरलेले दहा टक्के मात्र जन्मभर घेत राहतात – दुसरी गिटार, तिसरी, अँप्लिफायर, तारा. कंपनीचं सगळं लक्ष या दहा टक्क्यांवर. त्यांना बांधून ठेवायचं तर एखादा देव लागतो, आणि देव म्हणजे नामवंत वादक. त्याच्या नावाची गिटार काढायची, विकल्या गेलेल्या प्रत्येक गिटारीमागे त्याला काही रक्कम द्यायची. फेंडरने १९८८ साली एरिक क्लॅप्टनच्या नावाने अशी गिटार काढली आणि मग रांगच लागली. पण सर्वांत गाजलेलं नाव त्याच्या कितीतरी आधीचं, गिब्सनचं. १९५२ साली बाजारात आलेली ‘लेस पॉल’.

या नावाशेजारी एक बाई उभी आहे. मेरी फोर्ड. लेस पॉल आणि मेरी फोर्ड हे नवरा-बायको १९५०च्या सुरुवातीला अमेरिकेत घराघरात पोचलेले होते. गाणारी ती. तिच्याच आवाजाचे थर एकावर एक रचून केलेली ध्वनिमुद्रणं हे त्या जोडीचं वैशिष्ट्य. ती गिटारही उत्तम वाजवायची. स्टेजवर आणि टेलिव्हिजनवर दोघांच्या गळ्यात तीच सोनेरी गिटार असायची. म्हणजे जाहिरात दोघं करत होती. गिटारवर नाव मात्र एकाचं, आणि करारही त्याचाच.

पुढची गोष्ट तर कुटुंब न्यायालयात बसणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी ऐकावी अशी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांचं फाटलं, १९६४ साली घटस्फोट झाला. त्याच काळात गिब्सनबरोबरचा करार संपत आला होता आणि लेस पॉल यांनी तो पुन्हा केला नाही. गिटारवरून त्यांचं नाव १९६३च्या सुमारास उतरलं. गिटारचा नवा आकार आपल्याला पसंत नव्हता, हे एक कारण त्यांनी दिलं. दुसरं कारणही त्यांनी स्वतःच मुलाखतींतून सांगितलं: घटस्फोटाचा व्यवहार चालू असताना नव्या कराराचे पैसे त्यात यायला नको होते. सरळ मराठीत सांगायचं तर, बायकोला वाटा द्यावा लागू नये म्हणून. १९६८ साली नाव परत आलं. आज संगीताच्या इतिहासात हा प्रसंग गिटारच्या आकाराची हकिगत म्हणून सांगितला जातो. संसारात उभं केलेलं ‘नाव’ ही दोघांची मिळकत मानायची की एकाची, हा त्यातला खरा प्रश्न. शेताच्या सातबाऱ्याबद्दल आपण तोच प्रश्न विचारत आलो आहोत.

मेरी के या दुसऱ्या एका गायिकेची तऱ्हा आणखी वेगळी. १९५६च्या सुमारास फेंडरने आपली फिकट रंगाची, सोनेरी फिटिंगची एक गिटार जाहिरातीच्या फोटोसाठी तिच्या हातात दिली. फोटो झाला, गिटार परत गेली. पण संग्रहक आजही त्या रंगाच्या गिटारीला ‘मेरी के’ म्हणतात आणि त्या नावावर वाढीव भाव मोजतात. लोकांनी नाव दिलं, पण ते करारातून आलेलं नव्हतं.

हे झालं मंचावरच्या बायकांचं. कारखान्यात काय होतं?

दुसऱ्या महायुद्धात गिब्सनचा कारखाना मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी होता. पुरुष युद्धावर गेले आणि कारखाना बायकांनी चालवला. कंपनीने मात्र पुढे अशी समजूत रूढ होऊ दिली की, त्या वर्षांत गिटारींचं उत्पादन जवळजवळ बंदच होतं, कारखाना युद्धसामग्रीत गुंतला होता, आणि जी काही थोडी वाद्यं झाली ती मागे राहिलेल्या जुन्या कारागिरांनी पुरी केली. १९४४च्या एका फोटोत कारखान्यासमोर सत्तरएक बायका ओळीने बसलेल्या-उभ्या आहेत. जॉन टॉमस या कायद्याच्या प्राध्यापकाने हा फोटो पाहिला आणि विचारलं, उत्पादन बंद होतं तर या बायका कोण? त्याने माल रवाना केल्याच्या जुन्या वह्या तपासल्या, हयात असलेल्या काही जणींना शोधून काढलं, आणि २०१२ साली ‘कॅलमझू गॅल्स’ हे पुस्तक लिहिलं. युद्धकाळात त्या कारखान्यातून पंचवीस हजारांच्या आसपास वाद्यं बाहेर पडली होती. त्या गिटारींच्या डोक्यावर, खुंट्यांच्या मधे, एक सोनेरी फीत रंगवलेली असे आणि तीवर ‘चांगली म्हणावी तर फक्त गिब्सन’ अशा अर्थाचे शब्द. या फितीच्या गिटारी आज वाजवणारे शोधत फिरतात. टॉमसने तर त्यांची क्ष-किरण छायाचित्रं काढली. बायकांनी घडवलेल्या गिटारींमधल्या आतल्या पट्ट्या अधिक बारकाईने घासलेल्या आहेत, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मग लपवलं का? बायकांनी केलेली गिटार म्हटल्यावर गिऱ्हाईक नाक मुरडेल, ही भीती असणार, असं मला वाटतं. युद्ध संपलं, पुरुष परतले, बायकांना घरी पाठवलं आणि त्यांची वर्षं हिशेबातूनच खोडली. घरी पाठवणं एकवेळ समजू शकतं (त्या काळात सगळीकडे तेच झालं), पण त्यांनी काम केलंच नाही असं म्हणणं ही निराळी चोरी आहे. मजुरीची थकबाकी मागता येते. खोडलेली वर्षं मागायला साठ-सत्तर वर्षांनी कुणी परका प्राध्यापक यावा लागतो.

फेंडरच्या कारखान्यात अ‍ॅबिगेल इबारा या बाई १९५६ साली कामाला लागल्या त्या २०१३ पर्यंत होत्या. काम, पिकअप गुंडाळण्याचं. विजेच्या गिटारीत तारांखाली चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतकी बारीक तांब्याची तार काही हजार वेढे देऊन गुंडाळलेली असते. तारेचं थरथरणं तिथे विजेत उतरतं, म्हणून गिटारचा आवाज मुख्यतः तिथेच ठरतो. यंत्र फिरतं, पण तार बोटांनी सांभाळून द्यावी लागते, आणि ज्याच्या त्याच्या हाताचा वेढा वेगळा पडतो. चूक कुणाची ते कळावं म्हणून पिकअपवर गुंडाळणारीची आद्याक्षरं आणि तारीख घालत. पुढे वादकांच्या लक्षात आलं की, ठराविक आद्याक्षरांच्या गिटारींचा आवाज काही औरच आहे. मग त्या आद्याक्षरांना भाव आला. कंपनीने या बाईंनी हाताने गुंडाळलेले पिकअप त्यांच्या नावाने विकायला सुरुवात केली. बाईंना मान मिळाला, चांगलं झालं. पण बघा, जो शिक्का चूक धरायला मारला होता, तोच विक्रीला उपयोगी पडल्यावर सही ठरला. आणि कॅलिफोर्नियातल्या त्या कारखान्यात अशा गुंडाळणाऱ्या कितीतरी जणी होत्या, बऱ्याचशा मेक्सिकन वंशाच्या. त्यांच्यातल्या बहुतेकींच्या आद्याक्षरांना भाव आला नाही.

आता अलीकडचं. २०१८ साली फेंडरने आपली पाहणी जाहीर केली: अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये नव्याने गिटार शिकणाऱ्यांत निम्म्या बायका आहेत. त्यावर असा गाजावाजा झाला की जणू बायका त्या वर्षीच जन्मल्या! पण बाजाराने बायकांकडे पाहायला त्याआधीच सुरुवात केली होती. २००० साली ‘डेझी रॉक’ निघाली, मुलींसाठी, फुलाच्या आणि बदामाच्या आकाराच्या गिटारी. ती काढणारी स्वतः वादक होती आणि लहान हातांना पेलेल अशी गिटार करण्यात तिचा हेतू चांगलाच असणार. पण मुलीने वाजवायचं तर वाद्यसुद्धा फुलासारखं हवं, हे मला गिळता येत नाही. बॉनी रेट हिला १९९५ साली फेंडरने तिच्या नावाची गिटार दिली, अशी ती पहिली स्त्री. तिने त्यातले पैसे गरीब वस्त्यांतल्या मुलामुलींना गिटार शिकवण्यासाठी लावले. सेंट व्हिन्सेंट या वादिकेने २०१६ साली म्युझिक मॅन कंपनीकडून हलकी, छातीला न बोचणारी गिटार करून घेतली. साठ वर्षं गिटारी पुरुषाच्या अंगावर बेतल्या जात होत्या, ते एका बाईने म्हटल्यावर कळलं. निटा स्ट्रॉसला आयबानेझने २०१८ मध्ये, एच.ई.आर. या कृष्णवर्णीय गायिकेला फेंडरने २०२० मध्ये त्यांच्या नावाची गिटार दिली. या सगळ्या जणींचं मला कौतुक आहे. दुकानात शिरलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला भिंतीवर एका बाईचं नाव दिसतं, ही लहान गोष्ट नाही.

तरीही याला स्त्रियांची जीत म्हणायला मी तयार नाही. जोन बाएझचंच घ्या. तिची १९२९ सालची मार्टिन गिटार दुरुस्तीला गेली असताना कुणा कारागिराने आतून लिहून ठेवलं, काय करणार, तू कम्युनिस्ट पडलीस! अशा अर्थाचं. नागरी हक्कांसाठी आणि युद्धाविरुद्ध गाणाऱ्या बाईबद्दलचा तो राग होता. १९९८ साली मार्टिन कंपनीने तिच्या नावाच्या ५९ गिटारी काढल्या आणि तिच्या संमतीने तो शेराही आतून तसाच छापला. बाएझला त्याची गंमत वाटली असेल, मलाही वाटते. पण बाजाराची पचनशक्ती बघा. विरोधसुद्धा तो किमतीत धरतो.

त्याला पचत नाही ती एकच गोष्ट: कारखान्यातल्या माणसांनी संघटना करणं. कोर्ट ही दक्षिण कोरियातली कंपनी फेंडर, आयबानेझ अशा ब्रँडसाठी गिटारी बनवून देत असे. २००७ साली तिने इंचॉनच्या कामगारांना काढून टाकलं, देजॉनचा कारखाना बंद केला. काम इंडोनेशियात आणि चीनमध्ये गेलं. देजॉनच्या कारखान्याला खिडक्या नव्हत्या, बाहेर बघण्यात वेळ जाऊ नये म्हणून. कामगार, बाया आणि बाप्ये, वर्षानुवर्षं लढले. जानेवारी २०१० मध्ये ते अमेरिकेत वाद्यांच्या मोठ्या प्रदर्शनाच्या दारात आले, तेव्हा टॉम मोरेलो हा नामवंत वादक त्यांच्या बाजूने उभा राहून वाजला. (२०२० मध्ये फेंडरने त्याच्याही नावाची गिटार काढली, हे जाता जाता.) समझोता झाला एप्रिल २०१९ मध्ये. म्हणजे बारा वर्षांनी, आणि तोवर मोजकेच जण टिकून होते.

तेव्हा ज्या वादिकांना या कंपन्या आज हाका मारत आहेत, त्यांच्याकडून माझी अपेक्षा मोरेलोइतकी तरी आहे. नावाचा करार करताना एक कलम त्यांना मागता येईल: ही गिटार कोणत्या कारखान्यात बनते, तिथे संघटना आहे का, बाईला आणि बुवाला एकच मजुरी आहे का, हे लेखी द्या. ज्यांच्या सहीवर विक्री ठरते, त्यांच्या मागणीला तेवढं वजन नक्की आहे. बॉनी रेटने पैशांबाबत आपलं म्हणणं मान्य करून घेतलं, सेंट व्हिन्सेंटने आकाराबाबत. मजुरीबाबत अजून कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.