राजीनामा आधी की व्हिसा?

आपल्या समाजातील मुले-मुली आता केवळ शिक्षणासाठी नव्हे, तर नोकरीसाठीही पुण्या-सांगलीहून थेट इंग्लंडला जाऊ लागली आहेत. नेमणूकपत्र येताच घरी पेढे वाटले जातात आणि त्याच आठवड्यात येथील नोकरीचा राजीनामा दिला जातो. पेढे अवश्य वाटावेत. राजीनामा थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नेमणूकपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसा नाकारला गेला, तरी गृहकर्जाचा हप्ता ठरल्या तारखेलाच खात्यातून जातो.

ब्रिटनच्या ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसाचे गणित पाहा. तेथील कंपनी प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देते. ते मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. मात्र त्यात नोंदलेल्या रुजू होण्याच्या तारखेच्या ३ महिन्यांहून आधी तो करता येत नाही. भारतातून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारणतः ३ आठवड्यांत येतो. म्हणजे पहिल्याच दिवशी अर्ज केला, तरी निर्णयानंतर सुमारे १० आठवडे उरतात. आपल्याकडे नोटिशीची मुदत पुष्कळदा ९० दिवस, म्हणजे जवळजवळ १३ आठवडे असते. ही ३ आठवड्यांची तूटच माणसाला घाईत लोटते.

ती भरून काढता येते. नोटिशीची मुदत नव्या कंपनीला आरंभीच लेखी कळवावी आणि रुजू होण्याची तारीख पुढची मागावी. येथील कंपनीकडे उरलेल्या दिवसांचे वेतन भरून लवकर मुक्त होण्याची सोय असल्यास तिचा हिशेब करावा. आजारपणाची खोटी रजा काढून निसटण्याचा सल्ला देणारे हितचिंतक भेटतात. त्यांना दुरूनच नमस्कार करावा.

राजीनाम्यापूर्वी करण्याजोगी कामे बरीच आहेत. मान्यताप्राप्त केंद्रातील क्षयरोग तपासणीचा दाखला ६ महिने चालतो. निर्वाहासाठी कंपनीने हमी घेतली नसेल, तर खात्यात सलग २८ दिवस किमान १,२७० पौंडांइतकी शिल्लक दाखवावी लागते. एक दिवसही ती खाली गेली, तर मोजणी नव्याने सुरू होते. शेवटच्या आठवड्यात मामांकडून आणून भरलेली रक्कम येथे कामाची नाही.

ग्रॅच्युइटीचा विचार तर फारच थोडे जण करतात. कायम नोकरीत सलग ५ वर्षांची सेवा झाल्यावर ती मिळते आणि नोटिशीच्या काळात आपण कामावर असलो, तर तो काळही सेवेतच धरला जातो. पावणेपाच वर्षे झालेल्या तरुणाने म्हणूनच राजीनाम्याची नव्हे, तर कार्यमुक्तीची तारीख पाहावी. कधी कधी ९० दिवसांची ती नकोशी नोटीसच पाच वर्षे पुरी करून देते.

आणि प्रस्थानापूर्वी बँकेत जाऊन बचत खाते अनिवासी खात्यात बदलण्याचा अर्ज द्यावा. हप्ता त्या खात्यातून पूर्ववत जाईल ना, हे त्याच वेळी विचारून घ्यावे.