साधन अंधाचे, निवड इतरांची

गांधीबाग आणि इतवारी या नागपूरच्या जुन्या व्यापारपेठेत दानाची परंपरा मोठी आहे. पाणपोई, धर्मशाळा, वह्या-पुस्तकांचे वाटप ही तिची परिचित रूपे. आता अंध विद्यार्थ्यांना संगणक द्यावेत असे सुचविणारे सद्‌गृहस्थही भेटतात. हेतू स्तुत्य आहे. परंतु कोणता संगणक घ्यावा, त्यात वाचून दाखविणारी कोणती प्रणाली असावी, ब्रेलचे उपकरण हवे की नको, हे ज्या बैठकीत ठरते तेथे तो विद्यार्थी बहुधा नसतो. देणगीदार, संस्थेचे चिटणीस आणि विक्रेता या तिघांत निर्णय होऊन जातो. सरकारी खरेदीत देणगीदाराच्या जागी निविदा-समिती येते, एवढाच फरक. या पद्धतीत पैसा तर वाया जातोच, पण त्याहून अधिक हानी शिक्षणाची होते.

पहिला घोटाळा ‘ब्रेल कीबोर्ड’ या शब्दापाशीच होतो. कळांवर ब्रेलचे ठिपके चिकटविलेला कीबोर्ड डोळस देणगीदाराला फार उपयुक्त वाटतो. वस्तुतः बोटांच्या सवयीने टंकलेखन शिकलेल्या अंध व्यक्तीला त्याची गरज नसते. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे प्रत्येक साध्या कीबोर्डावर असतात. त्यांवर बोटे ठेवली की बाकीच्या कळा आपोआप सापडतात. ब्रेलचे खरे उपकरण वेगळे. त्यावर सहा ठिपक्यांसाठी सहा कळा असतात, आणि पुढे बारीक खिळ्यांची एक ओळ असते. पडद्यावरील मजकुराप्रमाणे हे खिळे वरखाली होतात व बोटांना अक्षरे वाचता येतात. पहिल्या वस्तूची किंमत किरकोळ, दुसरीची हजारांत वा लाखांत. दोहोंना एकच नाव देऊन निविदा काढली की स्वस्त वस्तू येते आणि अहवालात ‘ब्रेल सुविधा उपलब्ध’ अशी नोंद होते.

दुसरा प्रश्न स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरील मजकूर उच्चारून दाखविणाऱ्या प्रणालीचा. ‘जॉज’ ही या क्षेत्रातील जुनी व समर्थ प्रणाली टेड हेंटर या अंध अमेरिकन अभियंत्याच्या कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणली. तिचा परवाना महाग असतो. २००६ मध्ये मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहावयास घेतली; पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला मिळाला. ही प्रणाली विनामूल्य आहे आणि तिची संहिता सर्वांना खुली आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर अशी प्रणाली आणखी एका माणसाने वापरल्याने समाजाचा खर्च जवळजवळ वाढत नाही. मग किमतीची भिंत उभारून त्याला बाहेर ठेवण्यात कोणाचे हित आहे? काही विशिष्ट कार्यालयीन कामांत ‘जॉज’ सरस ठरते, हे मान्य केले पाहिजे. तेथे ती अवश्य घ्यावी. परंतु सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत खुली प्रणाली आधी बसवावी आणि परवान्यावरचा वाचलेला पैसा शिक्षकांच्या पगारावर खर्च करावा. शिकविणारा नसेल तर दोन्ही प्रणाली सारख्याच मुक्या राहतात.

मराठी विद्यार्थ्याची अडचण आणखी निराळी आहे. हिंदीच्या आवाजाकडून मराठी वाचवून घेतले की ‘चमचा’तला च ‘चंद्रा’तल्या चसारखा ऐकू येतो. म्हणून संगणक घेण्यापूर्वी त्यातला मराठी आवाज त्या विद्यार्थ्याने स्वतः ऐकून पारखावा. पण आवाज कितीही चांगला असला तरी तो ब्रेलची जागा घेऊ शकत नाही. ‘आणि’ची वेलांटी ऱ्हस्व, ‘पाणी’ची दीर्घ, उच्चारात दोन्ही सारख्याच. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला हा भेद कसा कळावा? त्याला भाषा येते, पण ती लिहिण्याचे शास्त्र त्याच्या हाती लागत नाही. भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही समान लिपी १९५१ मध्येच मान्य झाली. युनिकोडमधील मराठी मजकूर तिच्यात उतरवून बोटांखाली देण्याची सोय आज खुल्या प्रणालीतही आहे. अडते ते उपकरणाच्या किमतीपाशी.

चाळीस अक्षरांची ओळ दाखविणारे परदेशी उपकरण लाखाच्या पलीकडे जाते. ग्राहक थोडे व विखुरलेले, त्यामुळे उत्पादन थोडे. उत्पादन थोडे म्हणून किंमत चढी. आणि किंमत चढी म्हणून ग्राहक थोडे. हे दुष्टचक्र एकेकट्या देणगीने तुटणार नाही. दिल्लीच्या आयआयटीने २०१९ मध्ये ‘डॉटबुक’ हा ब्रेल संगणक सादर करून देशी मार्ग दाखविला. शासनाने राज्यातील सर्व अंध विद्यालयांची मागणी एकत्र करून दीर्घ मुदतीची खरेदी केली, तर किंमत खाली आणण्याचे बळ त्या मागणीत येईल. बाजार जेथे अपुरा पडतो तेथे समाजाने संघटित ग्राहक व्हावे, ही समाजवादाची साधी शिकवण आहे.

साधन मिळाले तरी वाचावयाचे काय, हा प्रश्न उरतो. जुन्या, युनिकोडेतर फाँटमधील मराठी पत्रक स्क्रीन रीडरला रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसते. सही-शिक्क्यासह स्कॅन केलेला आदेश तर त्याच्या लेखी नुसते चित्र असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. माहिती-तंत्रज्ञान सर्वांना सुलभ असावे हे त्याच्या ४२व्या कलमात आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. महापालिकेच्या गांधीबाग झोनपासून मंत्रालयापर्यंत प्रत्येक कार्यालयाने युनिकोडमध्ये, निवडता येईल असा मजकूर प्रसिद्ध करावा. यास नवी तरतूद लागत नाही, सवय बदलावी लागते.

याची किंमत किती मोठी आहे ते उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्या उदाहरणावरून कळते. स्क्रीन रीडरच्या साह्याने अभ्यास करून त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पूर्ण अंधत्वाचे कारण सांगून रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना नाकारले. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४वा क्रमांक मिळविला आणि त्या भारतीय प्रशासन सेवेत गेल्या. एका व्यक्तीच्या असामान्य जिद्दीवर आपण समाधान मानावे काय? सामान्य बुद्धीच्या, सामान्य जिद्दीच्या अंध मुलालाही बँकेत, शाळेत, पेढीवर हिशेबाचे काम मिळाले पाहिजे.

म्हणून आमची मागणी मर्यादित आहे. अंधांसाठी साधने घेणाऱ्या प्रत्येक समितीत निम्मे सदस्य ती साधने वापरणारे अंध असावेत. खरेदीपूर्वी विद्यार्थ्याला निदान काही आठवडे उपकरण वापरून पाहण्यास मिळावे. दुरुस्ती व शिक्षण यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. सहा ठिपक्यांची लिपी लुई ब्रेल या अंध तरुणाने घडविली. ‘जॉज’ आणि ‘एनव्हीडीए’ यांमागेही अंध माणसेच होती. ज्यांना साधन निर्माण करता आले त्यांना ते निवडता येणार नाही, असे मानण्याचा अधिकार डोळसांना कोणी दिला?