नव्या औषधाची पहिली परीक्षा

‘डॉक्टर, ही गोळी जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?’ हा प्रश्न दवाखान्यात रोजचाच. पण त्याचे उत्तर मिळावे म्हणून कुणीतरी आपले रक्त दिलेले असते, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

प्राण्यांवरील चाचण्या झाल्या की नवे औषध प्रथम बहुधा मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना देतात. उपाशीपोटी आणि जेवणानंतर औषध देऊन ठराविक वेळाने रक्त तपासले जाते. औषध किती शोषले गेले, रक्तात किती वेळ टिकले, हे त्यावरून कळते. या मंडळींना औषधाचा फायदा काहीच नसतो. मोबदला मिळतो, पण जिवाची जोखीम त्यांचीच.

बहुतेक चाचण्या निर्विघ्न पार पडतात. फ्रान्समधील रेन शहरात २०१६ साली मात्र तसे झाले नाही. ‘बीआयए १०-२४७४’ या औषधाचा कमी मात्रेत गंभीर त्रास दिसला नव्हता. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटातील एक जण १० जानेवारीच्या संध्याकाळी आजारी पडला, त्याला रुग्णालयात हलवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या प्रकृतीची नीट चौकशी न करताच उरलेल्या पाच जणांना पुढचा डोस दिला गेला. त्यांच्यापैकीही काहींच्या मेंदूला इजा झाली. पहिला रुग्ण १७ जानेवारीला दगावला. सोबती आजारी असल्याचे इतरांना सांगून त्यांची पुन्हा संमती घ्यायला हवी होती, असा ठपका सरकारी चौकशीने ठेवला.

माझ्या मते खरा धडा हाच आहे. संमतीपत्रकावर एकदा सही घेतली म्हणजे काम संपले, असे नव्हे. नवी माहिती हाती आली की संमतीही नव्याने घेतली पाहिजे.

आपल्याकडेही जेनेरिक गोळी मूळ औषधाइतकीच शोषली जाते का, हे निरोगी माणसांवर तपासतात. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. पैशांची निकड असलेल्या तरुणांना माझे सांगणे एवढेच: कागद मराठीत समजावून घ्या, त्याची प्रत मागा. आधीची चाचणी किंवा चालू औषधे लपवू नका. एक औषध अंगात असताना दुसरे घेणे जिवावर बेतू शकते. आणि मनात शंका आली तर चाचणी मध्येच सोडण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, हे विसरू नका.